शून्याच्या खालचं पाणी

"किती झालं?"

पावसाळ्यात आमच्या भागात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो. काय किती झालं, हे कुणी विचारत नाही. "उणे बारा", "उणे सात", "अजून मायनसच म्हणायचं" अशी उत्तरं येतात. मग एके दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी "प्लसमध्ये आली" म्हणतं आणि ऐकणाऱ्यांचे खांदे जरा सैल पडतात. 'आली' म्हणजे उजनी. धरण नपुंसकलिंगी असलं तरी उजनी आमच्याकडे घरातल्या बाईसारखी येते, जाते, भरते, आटते.

पाणी शून्याच्या खाली कसं जातं, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. भीमेवरच्या या जलाशयाचं कागदावरचं नाव यशवंतसागर. पूर्ण भरला की त्यात ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये साधारण २८३२ कोटी. पण या ११७ पैकी 'उपयुक्त' म्हणून धरलं जातं फक्त ५३.५७ टीएमसी. उरलेलं ६३.६६ टीएमसी 'मृतसाठा'. टक्केवारी काढतात ती वरच्या ५३.५७ वर. ते संपलं की उजनी शून्य टक्के. पण शून्य टक्क्यांच्या उजनीतही त्रेसष्ट टीएमसी पाणी उभं असतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणांत भरल्यावरही एवढं पाणी नसतं. त्या साठ्यातून जे वापरलं जातं, ते त्याच ५३.५७ च्या टक्केवारीत 'उणे' म्हणून मोजतात.

उंचीत सांगायचं तर हे आणखी चटकन कळतं. पूर्ण भरल्यावर जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते आणि मृतसाठा सुरू होतो ४९१.०३ मीटरला. म्हणजे ज्या पाण्यासाठी मोर्चे निघतात, बैठका होतात, जिल्हे एकमेकांसमोर उभे राहतात, ते सगळं पाणी वरच्या पावणेसहा-सहा मीटरांतलं आहे. दुमजली घराच्या उंचीएवढा थर, पण पसरलाय शेकडो चौरस किलोमीटरवर. एवढं पसरट पाणी उन्हाला सापडलं की काय होतं, त्याचा हिशोब मी एकदा मांडला होता. अडीचशे चौरस किलोमीटर पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटर जरी उडालं, तरी अकरा-बारा दिवसांत एक टीएमसी आभाळात जातं. कुठलाही कालवा न उघडता, कुणाचीही मोटार न चालवता.

आणि आमचं जुनं गाव मृतसाठ्यात आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा कॉलेजात असताना वहीत लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसलो. तोवर 'गाव पाण्यात गेलं' एवढंच घरात ऐकत आलो होतो. पाण्यात कुठे, किती खोल, हे कधी विचारलंच नव्हतं. मग पातळ्यांचे आकडे कळले आणि ध्यानात आलं, की आजीचं घर ज्या पाण्याखाली आहे ते पाणी कालव्याला जाणारं नाहीच. ते फक्त वरच्या पाण्याला उचलून धरण्यासाठी आहे. कालव्याला उताराने लांबवर पाणी न्यायचं तर धरणातली पातळी तेवढी वर हवी, शिवाय वर्षानुवर्षं येणाऱ्या गाळाला जागा हवी, म्हणून खाली एवढं पाणी कायम उभं ठेवायचं असा तो हिशोब. अभियांत्रिकीत तो बरोबर आहे. मी त्याच्याशी भांडत नाही. पण त्या उभ्या ठेवलेल्या पाण्याचं नाव कुणी 'मृत' ठेवलं, त्या माणसाने धरणाच्या काठावर एक उन्हाळा काढायला हवा होता.

१९६६ साली यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते कामाला सुरुवात झाली आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, माढा या तालुक्यांतली गावं भीमेच्या दोन्ही काठांवरून उठली. पुणे-सोलापूर रेल्वेचा मार्ग हलवावा लागला. डिकसळचा ब्रिटिशांनी बांधलेला दगडी रेल्वेपूल मग कित्येक वर्षं मोटारी आणि उसाच्या ट्रॉल्या वाहत राहिला. पळसदेवचं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ पाण्यात गेलं. पाणी उतरलं की आधी त्याचं शिखर दिसतं, दुष्काळात सगळं देऊळ वर येतं, आणि मग पुण्या-मुंबईची माणसं गाड्या घेऊन बघायला येतात.

आमच्या गावात असं बघण्यासारखं काही नव्हतं. एक वेस, एक पार, मधोमध आड, आणि पांढऱ्या मातीच्या भिंतींची घरं. आजी सांगते, की जाताना लोकांनी वासे, दारं, चौकटी, तुळया सगळं सोडवून बैलगाड्यांत भरलं. भिंती तेवढ्या राहिल्या. पहिल्या पावसाळ्यात पाणी येतंय म्हणून सांगितलं तर कुणी धड विश्वास ठेवला नाही. नदी गावात शिरते आणि दोन दिवसांत परत जाते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. या वेळी ती परत गेली नाही.

पण हे सगळं दुःखाचंच म्हणून सांगितलं तर ती लबाडी होईल. कारण त्याच पाण्यावर माझं शिक्षण झालं. पुनर्वसनात मिळालेली जमीन माळाची होती. मामांनी बँकेचं कर्ज काढून फुगवट्यातून, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्यातून, पाइपलाइन आणली आणि त्या माळावर ऊस उभा राहिला. आमच्या पंचक्रोशीत आज जे पक्कं घर दिसतं, जो मुलगा शहरात शिकतो, त्याच्या मागे कुठेतरी या जलाशयात सोडलेला एक पाइप असतो. धरणाच्या खाली तर विचारूच नका. डावा आणि उजवा कालवा, भीमा-सीना बोगदा, सीना-माढासारख्या उपसा योजना. ज्या सोलापूर जिल्ह्याचं नाव दुष्काळाशिवाय कुणी घेत नव्हतं, तिथे आज तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं वीजघर आहे. आषाढीला पंढरपुरात वारकरी चंद्रभागेत उतरतो तेव्हा त्याच्या पायाला लागणारं पाणी बहुतेक वेळा उजनीतून सोडलेलं असतं. पूर येतो तेव्हाही उजनीचा विसर्ग आणि नीरा नदीतून येणारं वीर धरणाचं पाणी नीरा नरसिंहपूरला एकत्र होतं आणि पंढरपूरचे घाट बुडतात.

सोलापूर शहराची गोष्ट मला नेहमी टोचते. शहराला प्यायला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावं लागायचं, कारण ते कोरड्या पात्रातून शंभरावर किलोमीटर वाहत औजच्या बंधाऱ्यात पोचायचं असे. वाटेत वाळू पिते, ऊन पितं, काठच्या मोटारी पितात. म्हणून जलवाहिनी टाकली, मग दुसरी, समांतर. आणि उजनी खोल उण्यात गेली की त्या जलवाहिनीच्या विहिरीपर्यंत पाणी पोचवायला आधी दुबार, मग तिबार पंपिंग करावं लागतं. म्हणजे लाखो माणसांच्या नळाला येणारं पाणी त्या दिवसांत ज्याला मृत म्हणतात त्यातूनच आलेलं असतं.

उसाबद्दल मी मोकळेपणाने बोलायला हवं, कारण आमच्याही शेतात तो आहे. या पाण्याचं नियोजन आठमाही पिकांसाठी होतं. ऊस बारा महिने उभा राहतो. उन्हाळ्याच्या ज्या चार महिन्यांत सूर्य सगळ्यात जास्त पाणी ओढतो, त्याच चार महिन्यांत उसालाही ते हवं असतं. मामांना हे माहीत नाही असं नाही. पण उसाला भाव ठरलेला असतो, कारखाना दारात येऊन नेतो, आणि पोराच्या फीची तारीख चुकत नाही. कांदा रस्त्यावर ओतायची वेळ आलेल्या माणसाला पाणी वाचवायचं प्रवचन देण्याआधी त्याला उसाएवढी खात्री देणारं दुसरं पीक दाखवायला हवं. ठिबक आता बऱ्याच रानांत आलं आहे. आमच्याकडेही आलं. ते पुरेसं आहे असं मात्र मला वाटत नाही.

पाण्याच्या दुसऱ्या दुखण्यावर काठावरच्या माणसाच्या हातात काहीच नाही. उजनीवर पाऊस पडो न पडो, धरण भरतं ते वरच्या पाण्याने. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, भामा आसखेड अशी वर एकोणीस धरणं आहेत. तिथे पाऊस झाला, ती भरून वाहिली, की दौंडजवळ भीमेतली आवक वाढते. म्हणून आमच्याकडे लोक आभाळाकडे कमी आणि दौंडच्या विसर्गाकडे जास्त बघतात. पण पावसाचं पाणी चार महिने येतं आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी बाराही महिने. उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं की पाणी हिरवं दिसतं, रंगाचा डबा उपडा केल्यासारखं. शेवाळाचा वास कपड्यांत बसतो. माझ्या लहानपणी मामा होडीतून ओंजळीने पाणी प्यायचे. आज काठावरच्या गावांत जारचं पाणी विकत घेतात. समोर क्षितिजापर्यंत पाणी, आणि लग्नाच्या मांडवात वीस लिटरच्या जारची रांग.

मासेही बदलले. कटला, रोहू, वाम, मरळ यांची जुने मच्छीमार आठवण काढतात. आता जाळ्यात मुख्यतः चिलापी येते, कारण घाण पाण्यात ती तगते आणि झपाट्याने वाढते. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंही उपसली जातात. मात्र भिगवणला हिवाळ्यात जे दिसतं, तेही याच उथळ, गाळाच्या, सडक्या काठाचं देणं आहे. पाणी उतरायला लागलं की चिखलात रोहित पक्षी येतात. त्या गुलाबी रांगा पहाटेच्या धुक्यात मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी ढकलायला लागला. शेकडो चोची एकाच वेळी चिखल गाळत होत्या, त्याचा बारीक, सलग आवाज येत होता. पट्टकदंब तर हिमालय ओलांडून येतात. या पाखरांना पाणी उतरलेलं हवं आणि मामांना ते काठोकाठ हवं. एकाच पाण्यात दोघांचं पोट आहे.

पाणी उतरलं की जमीनही उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. नांगराचीही फारशी गरज नसलेला तो मऊ गाळ, त्यात मका, कडवळ, कलिंगड फोफावतं. ज्यांची जमीन गेली त्यांनाच ती थोडे महिने परत मिळते. मला त्या पिकाचं नेहमी नवल वाटतं, आपल्याच बुडालेल्या रानात पेरायचं आणि पाणी यायच्या आत काढून घ्यायचं.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलं नाही. जानेवारीतच उजनी उण्यात गेली आणि २०२४ च्या जूनपर्यंत उणे साठच्या जवळ पोचली. म्हणजे सगळा उपयुक्त साठा गेलाच, वर मृतसाठ्यातलेही बत्तीस टीएमसी गेले. मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा मामांची मोटार घरापासून कुठे आहे हे दिसतच नव्हतं.

"कितव्यांदा सरकवली, मामा?"

"ही पाचवी खेप."

पाणी लांब गेलं की मोटार पुढे न्यावी लागते. ऐकायला सोपं वाटतं. आधी स्टार्टरची पेटी सोडायची, केबल गुंडाळायची. वीस फुटी पाइप एकेक करून जोडायचे. केबलला नवा तुकडा जोडायचा, सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वरून टेप. मोटार लोखंडी गाड्यावर चढवून चौघांनी चिखलातून ओढायची. चिखल असा, की पाय मांडीपर्यंत आत जातो आणि काढताना चप्पल आतच राहते. म्हणून सगळे अनवाणी. जिथे पाणी उथळ, तिथे पाच-सहा जणांनी वर्गणी काढून पोकलेनने चारी खोदायची आणि पाणी मोटारीपर्यंत ओढून आणायचं. शेवटी पाइपाच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह पाण्यात सोडायचा, ज्याला आमच्याकडे सगळे 'फुटबॉल'च म्हणतात. तो चिखलात बसू नये म्हणून मामांनी रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधून तो तरंगता ठेवला होता. दुपारी दीडला सगळं जोडून झालं तेव्हा लाइट गेली होती. मामा बांधावर बसले, गुडघ्यावरचा वाळलेला गाळ नखाने सोलत राहिले. रात्री अकराला लाइट आली. तेव्हा आम्ही दोघं बॅटरी घेऊन परत गेलो, पाइपाला कान लावला, आत पाणी चढल्याचा आवाज आला, आणि मामा पहिल्यांदा हसले. ते सगळं पाणी उण्यातलं होतं. शेत त्याच्यावरच जगलं.

त्याच आठवड्यात आजी म्हणाली, "गाव उघडं पडलंय म्हणत्यात. मला घेऊन चल."

उणे पस्तीसच्या पुढे गेलं की आमची वेस दिसते, पंचेचाळीस-पन्नासला आडाभोवतीची घरं. गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, म्हणून मामांनी ट्रॅक्टर पार आत नेला. आजीचं वय चौऱ्यांशी. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. घरं म्हणजे आता फक्त जोती, घोट्याएवढी उंच, शंखशिंपल्यांनी पांढरी झालेली. मला सगळी सारखी दिसत होती. आजी आडापाशी थांबली. आड गाळाने भरलेला, वरचा दगडी कठडा तेवढा शाबूत, दोराने पडलेल्या खाचा अजून त्यावर होत्या. तिने त्या खाचेत बोट घातलं. मग वळून चालायला लागली, एक जोतं, दुसरं, तिसरं.

"ह्ये आपलं."

मी सरळ जोत्यावरून पाय टाकून आत गेलो. घोट्याएवढाच तर दगड होता. आजी बाहेरच थांबली. "तिकडनं कुठं? भिंत हाय तिथं," म्हणाली आणि काठी टेकत पूर्ण वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली. तिथे दोन दगडांमध्ये हातभर मोकळी जागा होती. तिथे तिने चपला काढल्या, एका रेषेत ठेवल्या, आणि डोकं किंचित वाकवून आत आली. चौकट ठेंगणी होती म्हणून वाकायची तिला सवय असणार. ती चौकट तर १९७० च्या दशकातच बैलगाडीत गेली होती, आज ती मामांच्या गोठ्याला आहे.

मी बाहेर गेलो आणि दारातून परत आलो. मामाही आले, त्यांनीही चपला काढल्या.

आजी फार काही बोलली नाही. चूल इथं, देव्हारा इथं, तुझी आई इथं झाली, एवढं काठीने दाखवलं. जाताना गाळातली एक शिंपली उचलली, बघितली आणि परत होती तिथे ठेवली.

जूनमध्ये वर पाऊस लागला. दौंडची आवक वाढली आणि मोटारींची उलटी धावपळ सुरू झाली. पाणी उतरताना माणसाला सवड देतं, चढताना देत नाही. एका रात्री फोन आला आणि मामा, मी, शेजारचे दोघं बॅटऱ्या घेऊन निघालो. संध्याकाळी जिथे मोटार कोरड्यात होती तिथे पाण्याची कड तिच्या गाड्याला चाटत होती. पाइप सोडायला वेळ नव्हता. मोटार आणि स्टार्टर तेवढा ओढून वर घेतला, केबल जमेल तेवढी गोळा केली, उरलेली पहाटे बघू म्हणून सोडली. अंधारात पाणी दिसत नव्हतं, पण भेगाळलेल्या गाळात ते शिरताना बारीक बुडबुड आवाज करत होतं, सगळीकडून.

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. आजी जागीच होती, पडवीत बाजेवर.

"किती आलं?" तिने विचारलं.

"उणे अठ्ठेचाळीस," मामा हातपाय धुता धुता म्हणाले.

"तसं न्हवं रं. कुठवर आलं?"

मामांनी तांब्या खाली ठेवला. "आडाच्या पुढं गेलं, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं, एक, दोन, तीन.

"मग आता दारातनं आत आलं असंल," म्हणाली, आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.